सावलीतले तापमान आणि उन्हातला कामगार

ऊन पूर्वीसारखे राहिले नाही, पावसाचा भरवसा उरला नाही, रात्रीसुद्धा घरात गारवा येत नाही, ही वाक्ये भिलाईच्या सिविक सेंटरमध्ये संध्याकाळी जमणाऱ्या कामगार कुटुंबांत जशी ऐकू येतात, तशीच ती नागपुरात आणि लातुरातही ऐकू येतात. नोकरीच्या निमित्ताने विदर्भातून येथे येऊन स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही त्यांत आहेत. कारणमीमांसा मात्र प्रत्येक जण आपापल्या परीने करतो. कोणी पोलाद कारखान्याच्या धुराकडे बोट दाखवतो, कोणी वृक्षतोडीकडे, तर कोणी कलियुग म्हणून हात जोडतो. जनतेचा अनुभव खरा आहे. त्या अनुभवाचा अर्थ मात्र पुष्कळदा चुकीचा लावला जातो. या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहणे आवश्यक आहे.

प्रथम अनुभवाविषयी. केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले, आणि १९५१ ते २०१५ या काळात मोसमी पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला. त्याच सुमारास मध्य भारतातील विस्तृत अतिवृष्टीच्या घटना मात्र तिपटीच्या घरात गेल्या. म्हणजे पाऊस एकूण कमी, पण पडतो तेव्हा कोसळतो आणि मध्ये ओढ देतो. छत्तीसगडचा शेतकरी पेरलेल्या धानात पाणी साचले की उभ्या पिकात नांगर फिरवतो. या कामाला तो बियासी म्हणतो. ऐन वेळी पावसाने दडी मारली तर बियासी खोळंबते, आणि वर्षअखेरीची सरासरी भरली म्हणून ते नुकसान भरून येत नाही. पाऊस लहरी झाला, ही शेतकऱ्याची तक्रार सरासरीच्या आकड्यापेक्षा सत्याच्या अधिक जवळ आहे. हवामान खात्यालाही २०२० साली मोसमी पावसाच्या आगमनाच्या आणि परतीच्या जुन्या तारखा बदलाव्या लागल्या.

आता कारणांविषयी. कारखान्याची धूळ, काँक्रीट आणि उजाड जमीन यांमुळे शहर तापते, हे खरेच. परंतु तो स्थानिक ताप झाला. झोतभट्टीत कोकमधील कार्बन लोहखनिजातला प्राणवायू ओढून घेतो आणि कर्बवायू होऊन बाहेर पडतो. हा वायू भिलाईवर थांबत नाही. तो पृथ्वीच्या वातावरणात मिसळतो आणि शतकानुशतके टिकतो. त्याचा आजवरचा सर्वांत मोठा साठा अमेरिका आणि युरोपच्या भांडवलशाहीने केलेला आहे. आजही अमेरिकेतील माणशी उत्सर्जन भारताच्या सुमारे सातपट आहे. कलियुगाच्या माथी दोष मारला की खरा आरोपी पिंजऱ्याबाहेर राहतो.

काही समजुती तर जिवावर बेतणाऱ्या आहेत. मे महिन्याच्या अखेरीस नवतपा जितका तापेल तितका पाऊस चांगला, असे येथे मानतात. त्यामुळे घातक उष्माही शुभशकुन ठरतो. पाऊस आला की धोका टळला, हीदेखील अशीच समजूत. माणसाचे शरीर घाम वाळल्याने थंड होते. हवा दमट असली की घाम वाळत नाही, आणि कमी तापमानातही भट्टीपुढचा कामगार कोसळू शकतो.

सरकारी मोजमापाचीही एक मर्यादा आहे. हवामान खात्याची तापमापी हवेशीर पेटीत, सावलीत असते. मैदानी प्रदेशात पारा ४० अंशांवर आणि नेहमीपेक्षा किमान साडेचार अंशांनी वर गेला, की उष्णतेची लाट समजली जाते. दमटपणाचा त्या निकषात हिशेब नाही. कामगार मात्र सावलीत उभा नसतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे महाराष्ट्र शासनाच्या पुरस्कार समारंभात उघड्या मैदानावर तासन्‌तास बसलेल्या दहाहून अधिक माणसांचा उष्माघाताने बळी गेला. मंचावर छत होते, मैदानावर नव्हते. भिलाईतही झाडांच्या सावलीतल्या सेक्टरमधील क्वार्टर आणि कंत्राटी कामगाराचे पत्र्याचे घर यांच्यावर एकच सूर्य तळपतो, पण उन्हाळा एकच नसतो.

येथे एक अवघड प्रश्न टाळता येणार नाही. सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी ज्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली, त्या भिलाई कारखान्यावर हजारो घरे उभी आहेत. आणि झोतभट्टीच्या पद्धतीने एक टन पोलाद करताना दोन टनांहून अधिक कर्बवायू बाहेर पडतो. कारखाना बंद करा, ही मागणी कामगार वर्गाची असू शकत नाही. परंतु श्रीमंत देशांच्या पापाची ढाल पुढे करून आहे तेच चालू ठेवणे, हेही त्याच्या हिताचे नाही. २०२६ पासून युरोपने आयात पोलादावर कर्बशुल्क लागू केले आहे. कोळशाऐवजी हायड्रोजनसारखी साधने येणारच. तो बदल कोणाच्या खर्चाने व्हावा, हाच खरा वाद आहे. नव्या यंत्राबरोबर प्रशिक्षण आणि रोजगाराची हमी आली नाही, तर त्याचा पहिला बळी कंत्राटी कामगार ठरेल.

म्हणून प्रत्येक शाखेने आणि युनियनने हा प्रश्न आजच हाती घ्यावा. कामाच्या जागीच तापमान आणि दमटपणा मोजून तो रोज फलकावर लावला जावा. कडक उन्हाच्या तासांत उघड्यावरचे काम बंद ठेवून विश्रांतीची पूर्ण मजुरी मिळावी. थंड पाणी, सावलीचे छप्पर आणि वैद्यकीय मदत यांत कायम आणि कंत्राटी असा भेद नसावा. गावोगावच्या साथींनी पेरणी, पावसाची ओढ आणि नुकसान यांची वर्षानुवर्षे नोंद ठेवावी, म्हणजे भरपाई मागताना आपला आकडा आपल्याजवळ असेल. जनता आकाशाकडे पाहून जे बोलते आहे, ते आपण ऐकले पाहिजे, तपासले पाहिजे आणि मागणीपत्रात लिहिले पाहिजे.