मधपेटीचा हप्ता फुलोऱ्यात घ्या, पावसाळ्यात नको

मधमाशीपालनाकडे सरकारचे आणि शेतकऱ्यांचे लक्ष पुन्हा वळले आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. केंद्राने २०२० मध्ये राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियान सुरू केले. आपल्या महाबळेश्वर तालुक्यातले मांघर हे मे २०२२ मध्ये देशातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. त्यानंतर प्रशिक्षण वर्गांना तरुणांची आणि बचत गटातल्या महिलांची हजेरी वाढली. मात्र प्रशिक्षण घेऊन गावी गेलेल्या माणसाकडे दोन वर्षांनी किती पेट्या असतात, हे पाहायला गेले तर पुष्कळ ठिकाणी दोनाच्या चार झालेल्या दिसत नाहीत. कुठे कुठे तर पेट्या रिकाम्याच, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी पडलेल्या असतात.

याचे एक कारण पैसा हे आहे. खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मधकेंद्र योजनेत साहित्याला निम्मे अनुदान मिळते, निम्मा वाटा मधपाळाने घालायचा असतो. डोंगरातल्या ज्या घरांना हा धंदा सर्वांत जास्त सोयीचा, त्याच घरांना हा निम्मा वाटा जड जातो. शेती गुंठ्यात, कुणाची तर नाहीच. सातबारा नाही म्हणून कर्ज नाही आणि कर्ज नाही म्हणून पेट्या नाहीत. तेव्हा तारणाशिवाय मिळणारे दहा-पंधरा-वीस हजारांचे लहान कर्ज हाच त्यांना रस्ता आहे.

हा रस्ता आज बंद नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. नाबार्डने १९९२ मध्ये बचत गटांना बँकांशी जोडण्यास सुरुवात केली आणि आता जवळपास प्रत्येक वाडीवर गट आहे. २०१५ मध्ये आलेल्या मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात पन्नास हजारांपर्यंत कर्ज मिळते आणि त्यात मधमाशीपालन बसते. शेती व जोडधंद्यांसाठी विनातारण कर्जाची मर्यादा जानेवारी २०२५ पासून दोन लाख रुपये झाली आहे. शिवाय लहान कर्जे देणाऱ्या वित्तसंस्था दारात येऊन उभ्या राहतात. म्हणजे कर्ज मिळू शकते. आमचा मुद्दा पुढचा आहे. हे कर्ज फेडायचे कसे आणि केव्हा?

बहुतेक लहान कर्जांचा हप्ता महिन्याचा, काहींचा तर आठवड्याचा असतो. किराणा दुकानाला हे ठीक आहे, दुभत्या म्हशीलाही चालेल, कारण दुधाचे पैसे दर दहा दिवसांनी येतात. मधमाशीचे तसे नाही. आपल्या घाटमाथ्यावर जांभूळ, हिरडा, गेळा फुलला की सातेरी मध भरते आणि मुख्य काढणी एप्रिल-मे महिन्यात होते. जून ते सप्टेंबर धो धो पाऊस. त्या चार महिन्यांत माशीला बाहेर पडता येत नाही, फुलात काही नसते, आणि ती पेटीतल्या साठ्यावर जगते.

हिशेब मांडून पाहू. समजा, एका ताईंनी दहा सातेरी पेट्यांसाठी आपल्या वाट्याचे अठरा हजार रुपये फेब्रुवारीत कर्जाने घेतले, फेड अठरा महिन्यांची. म्हणजे दरमहा मुद्दलाचे हजार रुपये, व्याज वेगळे. पेटीला पाच किलो मध धरला तर पन्नास किलो होतो, आणि किलोला चारशे रुपये धरले तर वीस हजार रुपये हातात येतात. कागदावर धंदा उत्तम! पण हे पैसे येतात मे अखेरीस. त्याच वेळी बी-बियाणे, खत, घरशाकारणी आणि पोरांच्या शाळेचा खर्च उभा राहतो. मधाचा पैसा जूनमध्येच संपतो आणि पुढे चार महिने हप्ता मात्र चालूच.

मग दोन गोष्टी घडतात. पहिली, मे महिन्यात वरच्या मधकोठीतला मध काढून झाला की हात खालच्या पिलांच्या कोठीकडे जातो. तो मध माशीची पावसाळ्याची शिदोरी असतो. दुसरी, पावसाळ्यात साखरेचा पाक पाजायचा, त्या साखरेचे पैसे हप्त्यात जातात. पेटीला आठवड्याला सुमारे दोनशे ग्रॅम साखर धरली तर सोळा आठवड्यांत दहा पेट्यांना बत्तीस किलो लागते. किलोला पंचेचाळीस रुपये धरले तरी चौदाशे चाळीस रुपये. म्हणजे जेमतेम दीड हप्ता! या दीड हप्त्याच्या साखरेवाचून दहा वसाहती धोक्यात येतात. सातेरीचा स्वभाव मधपाळांना ठाऊक आहे. उपासमार झाली, मेणकिडा लागला की ती पेटी सोडून सरळ निघून जाते. कर्जाची म्हैस निदान गोठ्यात तरी असते, कर्जाची माशी उडून गेली की मागे फक्त लाकडी खोके आणि पासबुकातली बाकी उरते. मग बँकेत शेरा पडतो की मधपाळ थकबाकीदार असतात, आणि पुढच्या दहा जणांचे अर्ज बाजूला पडतात.

यावर उपाय अवघड नाही. खरिपाच्या पीककर्जाची परतफेड आपण पेरणीनंतर महिन्याने मागत नाही, पीक निघाल्यावर मागतो. तोच न्याय मधमाशीला लावावा. वरच्या उदाहरणात पहिल्या मे अखेर सहा हजार, दुसऱ्या मे अखेर बारा हजार, आणि मधल्या काळात फक्त व्याज, अशी फेड ठरवता येईल. व्याज थोडे जास्त बसेल हे खरे, पण वसाहती जिवंत राहिल्या तर ते सोसते. मेल्या तर कमी व्याजाचे कर्जही बुडते.

बँकवाले म्हणतील, नियमात बसत नाही. तसे नाही. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये लघुवित्त कर्जांविषयी निर्देश दिले. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या विनातारण कर्जांना ते लागू आहेत. हप्ता किती दिवसांनी घ्यायचा, यात कर्जदाराच्या गरजेप्रमाणे लवचीकता ठेवणारे धोरण प्रत्येक संस्थेने करावे, असे त्यात सांगितले आहे. कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत, आणि मुदतीआधी कर्ज फेडले तर दंड घेता येत नाही, हेही त्यात आहे. हे निर्देश बँकांना, जिल्हा मध्यवर्ती बँकांना आणि वित्तसंस्थांना सारखेच लागू झाले. तेव्हा हंगामी हप्ता मागणे म्हणजे मेहरबानी मागणे नव्हे. सही करण्याआधी तो मागून घ्यावा, नंतर नाही.

दुसरी गोष्ट कर्ज देण्याच्या वेळेची. आपल्याकडे उद्दिष्ट पुरे करायची घाई मार्चअखेर होते. मार्चमध्ये मंजूर झालेल्या कर्जाच्या पेट्या एप्रिल-मेमध्ये गावात पोहोचतात. तोवर फुलोरा सरत आलेला असतो आणि नवी, दुबळी वसाहत थेट पावसाच्या तोंडी जाते. हीच पेटी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आली तर तिला वाढायला वेळ मिळतो. अर्ज दिवाळीच्या सुमारास मंजूर व्हावेत, यासाठी पंचायत समितीने आणि बँकांनी बसून वेळापत्रक ठरवावे.

मधपाळ बंधू-भगिनींनाही चार शब्द सांगणे भाग आहे. एकदम वीस पेट्यांचे कर्ज काढू नका. चार-पाच पेट्यांनी सुरुवात करा, एक पावसाळा वसाहती सांभाळून दाखवा, मग पुढचे कर्ज घ्या. वसाहत जोमदार झाली की फुलोऱ्याच्या तोंडावर तिचे विभाजन करता येते. तेव्हा दुसऱ्या कर्जातून रिकामी पेटी घेतली तरी पुरते, माशा घरच्याच असतात. लांबून स्वस्तात मिळते म्हणून वसाहत आणू नका. १९९१-९२ च्या सुमारास दक्षिणेत थाई सॅकब्रूड या विषाणू रोगाने सातेरीच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर नष्ट केल्या, हे विसरू नये. मध काढण्याचे यंत्र प्रत्येकाने घेण्याची गरज नाही, गटात एक पुरे. आणि कर्जाच्या रकमेतूनच पावसाळ्याची साखर आधी बाजूला काढून ठेवा.

ग्रामपंचायत अधिकारी आणि तलाठी यांच्याकडून फार काही नको. सातबारा नसलेल्या मधपाळाला रहिवासाचा आणि त्याच्याकडे किती पेट्या आहेत याचा दाखला हेलपाटे न घालता मिळावा. गावात डाळिंब किंवा कांद्याचे डोंगळे असतील तर फुलोऱ्यात औषध फवारायचेच झाले तर संध्याकाळी, माशा पेटीत परतल्यावर फवारावे, असा ठराव ग्रामसभेत करावा. त्यात बागायतदाराचाही फायदाच आहे, कारण परागीभवन झाले तरच फळ आणि बी धरते.

लहान कर्जाने लहान माणूस उभा राहतो, हे बचत गटांनी दाखवून दिले आहे. मधमाशीच्या बाबतीत त्या कर्जाला हंगामाची शिस्त हवी. येत्या हंगामात आपल्या तालुक्यातल्या एका तरी शाखेने मे अखेरच्या हप्त्याचे कर्ज देऊन पाहावे, आणि पुढच्या दसऱ्याला किती पेट्या नांदत्या आहेत ते मोजावे. तो आकडा पाहून पुढचे ठरवू.