पाठ्यपुस्तकांचे स्वराज्य

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि उझबेकिस्तान स्वतंत्र झाला. राज्य आले; पण स्वत्वाची ओळख करून देणारी पाठ्यपुस्तके मुलांच्या हाती नव्हती. या समाजाची लिपी एका शतकात तीनदा बदलली. अरबी जाऊन लॅटिन आणि लॅटिन जाऊन सिरिलिक, हे दोन्ही बदल सोव्हिएत राजवटीने घडविले. स्वतंत्र उझबेकिस्तानने १९९३ च्या कायद्याने पुन्हा लॅटिन स्वीकारली. आजोबांच्या कपाटातील ग्रंथ नातवाला परके व्हावेत, याहून मोठी सांस्कृतिक हानी कोणती?

नव्या पाठ्यपुस्तकांसाठी त्या देशाला आशियाई विकास बँकेचे कर्ज घ्यावे लागले. मात्र विद्यार्थ्यांना पुस्तके भाड्याने देऊन त्या रकमेतून पुढील छपाई करण्याची योजनाही आखली गेली, हे विशेष. कर्जाने कागद आणि छपाई मिळते. लेखक, प्रकाशक आणि वाचक समाजालाच घडवावे लागतात.

महाराष्ट्राने १९६७ मध्ये बालभारतीची स्थापना करून हे काम आपल्या हाती घेतले. तो वारसा केवळ शासनावर सोपवून चालणार नाही. मराठी ग्रंथ घराघरात विकत घेऊन वाचला जाईल, तरच तो टिकेल.