चमक हवी, पण थर राखून
जबलपूरच्या उन्हाळ्यात गाडीवर बसलेली धूळ कोरड्या फडक्याने पुसली, की रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे उन्हात उठून दिसतात. पॉलिशिंग मशीन ते बुजवत नाही. रंगावरच्या जेमतेम 40-50 मायक्रॉनच्या पारदर्शक थराचा काही अंश घासून पृष्ठभाग सपाट करते. मशीनने रंग जळतो, ही भीती खोटी नाही; पण ती नुसत्या गरगर फिरणाऱ्या रोटरी मशीनबाबत अधिक खरी. ड्युअल ॲक्शन मशीनचे पॅड फिरता फिरता हेलकावतेही, त्यामुळे उष्णता एका जागी साचत नाही. मऊ फोम आणि सौम्य पॉलिश वापरले, तर धोका आणखी घटतो. तरीही घासला गेलेला थर परत येत नाही. म्हणून दर दिवाळीला पॉलिशचा हट्ट नको. ओरखडेच पडू नयेत म्हणून आधी धूळ पाण्याने वाहून जाऊ द्यावी, मगच मायक्रोफायबरने हलके पुसावे.