कॉम्प्युटर आपोआप रिस्टार्ट होतोय? फॉरमॅट मारण्याआधी ऊन आणि वीज तपासा

ऑनलाइन अर्ज भरून झालेला, फक्त फी भरायची बाकी आणि अचानक स्क्रीन काळी. काही सेकंदांत कॉम्प्युटर पुन्हा आपोआप सुरू. यवतमाळ असो, पुसद असो की वणी, उन्हाळ्यात हे घडलं की पहिला सल्ला मिळतो तो ‘व्हायरस असेल, फॉरमॅट मार’. आता त्यात दुसऱ्या सल्ल्याची भर पडली आहे, ‘विंडोज १० बंद झालं, नवीन घे.’

दोन्ही सल्ले घाईचे आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला, हे खरं. सुरक्षा अपडेट्स थांबल्यामुळे धोका वाढतो, हेही खरं. पण त्यामुळे चालू कॉम्प्युटर भर दुपारी तीन वाजता बंद पडत नाही. आणि फॉरमॅटने फोटो, मार्कशीट, हिशेब जातात, खराब झालेला पॉवर सप्लाय मात्र तसाच राहतो.

नेमकं काय झालं, हे कसं ओळखायचं?

बंद पडण्याचे दोन प्रकार आहेत. एकात विंडोज स्वतः थांबतं आणि निळ्या स्क्रीनवर एरर कोड दाखवतं. विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत ही स्क्रीन काळी झाली आहे. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर असेच निळे पडले होते. भारतात काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ते सॉफ्टवेअर कंपन्या वापरतात, त्यामुळे घरच्या कॉम्प्युटरना त्याची झळ फारशी बसली नाही.

दुसऱ्या प्रकारात काहीच दिसत नाही, कुणी पिन उपसल्यासारखा कॉम्प्युटर थेट बंद होतो.

गोंधळ असा की विंडोज एरर आल्यावर स्वतःच रिस्टार्ट होतं, त्यामुळे पहिला प्रकारही दुसऱ्यासारखा भासतो. ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्जमध्ये ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ उघडून ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’ची टिक काढली, की एरर कोड स्क्रीनवर थांबतो. त्याचा फोटो काढून ठेवा.

इव्हेंट व्ह्युअरमध्ये बहुतेकांना ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद सापडते आणि तेच कारण समजून शोधाशोध सुरू होते. ही नोंद पंचनाम्यासारखी आहे. कॉम्प्युटर नीट बंद झाला नव्हता एवढंच ती सांगते, का ते नाही. तिच्या तपशिलात ‘बगचेक कोड’ शून्य असेल, तर संशय वीज, उष्णता किंवा हार्डवेअरवर. आकडा असेल, तर ड्रायव्हर आणि रॅम आधी तपासायची. रॅमसाठी विंडोजमध्येच ‘मेमरी डायग्नोस्टिक’ आहे, वेगळं काही डाउनलोड करावं लागत नाही.

यवतमाळच्या उन्हाळ्याचा संबंध काय?

प्रोसेसरचा पंखा खोलीतलीच हवा फेकतो. बाहेर ४४-४५ अंश आणि खोली चाळिशीला टेकलेली असेल, तर तो थंड हवा आणणार कुठून? बऱ्याच प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. तिथे पोहोचताना तो आधी मंदावतो, तरी तापमान चढत राहिलं तर जळू नये म्हणून कॉम्प्युटर बंद होतो. आत धूळ साचली असेल तर हे लवकर होतं. भाव वाढण्याची वाट पाहत कापूस घरातच साठवलेला असेल, तर पंख्यात तंतूही अडकतात. कॅबिनेट कूलरसमोर ठेवणं हा उपाय नाही. ओलसर हवा आणि धूळ मिळून आत थर बसतो.

कूलर आणि कॉम्प्युटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर असतील तर आणखी एक अडचण. मोटर सुरू होताना क्षणभर व्होल्टेज पडतं. घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा, त्यात ६ टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे साधारण २१६ ते २४४. त्याबाहेर वारंवार जात असेल तर महावितरणच्या १९१२ वर तक्रार करता येते.

इन्व्हर्टर असूनही लाइट गेल्यावर कॉम्प्युटर रिस्टार्ट होत असेल, तर इन्व्हर्टरच्या मागचं बटण बघा. कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय पूर्ण लोडवर जेमतेम १६ मिलिसेकंद तग धरतो. साध्या मोडमध्ये इन्व्हर्टरला बदल करायला त्याहून जास्त वेळ लागतो. अनेक इन्व्हर्टरवर ‘यूपीएस मोड’ असतो, तो लावला की बऱ्याचदा प्रश्न मिटतो. वेगळा यूपीएस असेल, तर फाइल सेव्ह करून त्याचं भिंतीवरचं बटण बंद करून बघा. कॉम्प्युटर लगेच गेला, तर यूपीएसची बॅटरी संपली आहे.

दुकानात जाण्याआधी चार-पाच दिवस वेळा लिहून ठेवा. फक्त दुपारी बंद पडतो, कूलर लावताना पडतो की सकाळी गारव्यातही पडतो? शेवटचं असेल तर पॉवर सप्लाय दुसरा लावून बघायला सांगा. फॉरमॅट त्यानंतरच, आणि तेही पेनड्राइव्हवर बॅकअप घेऊन.

निळ्या स्क्रीनवर फोन नंबर दिसला तर मात्र तो क्रॅश नाही. विंडोजची खरी एरर स्क्रीन कधीच नंबर देत नाही. ते ब्राउझरमधलं बनावट पान असतं. फोन करू नका, ब्राउझर बंद करा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर कळवा.