तारखेला सोबत चला

गेल्या आठवड्यात आमच्या ज्ञातीच्या वधूवर मेळाव्याची पत्रिका घरी आली. परिचय पुस्तिका, नोंदणी शुल्क, दुपारच्या जेवणाला मसालेभात-जिलबी आणि शेवटी दोन पानं भरून स्वयंसेवकांची नावं. स्वागत समिती वेगळी, भोजन समिती वेगळी, पार्किंगलाही चार जण. मी ती नावं वाचत बसलो, कारण सव्वीस वर्षं मी कौटुंबिक न्यायालयात नोकरी केली. कारकून म्हणून लागलो, शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. ज्यांच्या लग्नात पाचशे पान उठलं होतं, अशी माणसं तिथल्या बाकावर एकटी बसलेली मी पाहिली आहेत. पार्किंगच्या चौघांपैकी एकही जण तिथे कधी फिरकला नाही.

म्हणून हे आवाहन. ज्ञातीसंस्थांना, महिला मंडळांना, गणेश मंडळांना, सोसायट्यांच्या कमिट्यांना आणि ज्यांच्या नात्यात, शेजारात, ऑफिसात कुणाचा संसार मोडतो आहे अशा प्रत्येकाला. म्हणजे बहुधा सगळ्यांनाच.

तारीख म्हणजे काय असतं, ते आधी सांगतो. सकाळी अकराच्या आत पोचायचं, बोर्डावर आपला नंबर बघायचा आणि पुकाऱ्याची वाट बघत बसायचं. पुकारा साडेअकराला होईल की जेवणाच्या सुट्टीनंतर, हे आम्हालाही सांगता यायचं नाही. एक मुलगी मला आठवते. कडेवर दीड वर्षाचं पोर, खांद्याला कागदांची पिशवी. पोराला शू लागली म्हणून ती त्याला घेऊन खाली गेली आणि तेवढ्यात शिपायानं नाव पुकारलं. तीनदा पुकारलं. धापा टाकत ती वर आली तोवर अर्ज गैरहजेरीत निकाली निघाला होता. तो पुन्हा बोर्डावर यायचा तर वेगळा अर्ज, समोरच्याला पुन्हा नोटीस, पुन्हा तारखा. पोटगी तितके महिने लांबली. बाकावर तिचं दुसरं कुणी असतं, तर “खाली गेली आहे, येतेच आहे” एवढं सांगून भागलं असतं.

सोबत जाणाऱ्याला कायदा यावा लागत नाही. पोर सांभाळायचं, पुकाऱ्याकडे कान ठेवायचा, पुढची तारीख वहीत लिहून घ्यायची. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरा-आकड्यांचा सीएनआर क्रमांक असतो. तो ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपमध्ये घातला की पुढची तारीख फोनवर दिसते. हे कित्येकांना ठाऊक नसतं आणि केवळ तारीख विचारायला माणसं रजा टाकून येतात. आणि एक करायचं नाही. समोरच्या पक्षाच्या मामाशी जिन्यात भांडायचं नाही. सोबत म्हणून आलेल्यांनी जिन्यात मोडलेल्या तडजोडी मी मोजल्या नाहीत, पण त्या कमी नाहीत.

आता एका कागदाविषयी. एक बाई दाखला म्हणून चक्क लॅमिनेट केलेला स्टॅम्पपेपर घेऊन आल्या. त्यावर नोटरीचा लाल शिक्का, दोघांच्या सह्या, गावातल्या पाच पंचांच्या सह्या आणि वर मोठ्या अक्षरांत ‘फारकतनामा’. त्या कागदाच्या भरवशावर बाईंनी दुसरं लग्न केलं होतं. कुणीतरी बिचाऱ्यांना सांगितलं होतं की कागद फाटू नये म्हणून लॅमिनेट करून ठेवा. तो कागद चालत नाही, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. नोटरीपुढे सही केल्यानं घटस्फोट होत नाही. एखाद्या समाजात काडीमोडीची जुनी रूढी असेल, तर हिंदू विवाह कायदा ती मोडीत काढत नाही हे खरं. पण ती रूढी खरोखर चालत आली आहे हे न्यायालयात सिद्ध करावं लागतं आणि तिथे भलेभले अडकतात. पहिलं लग्न कायद्यानं उभं असताना केलेलं दुसरं लग्न रद्दबातल ठरतं. तेव्हा पंचांना माझी हात जोडून विनंती आहे: असल्या कागदावर सही करू नका. तुमची सही होऊन जाते, फळं तिला भोगावी लागतात.

दोघांनाही वेगळं व्हायचं असेल, तर परस्पर संमतीचा रस्ता आहे. हिंदू विवाह कायद्यात त्यासाठी दोघं वर्षभर वेगळे राहिलेले असावे लागतात. एकत्र अर्ज करायचा, सहा महिने थांबायचं आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा येऊन होकार द्यायचा. समेटाला काही वाव उरला नसेल आणि पोटगी, मुलांचा ताबा हे सगळं मिटलं असेल, तर ते सहा महिने माफ करता येतात, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली सांगितलं आहे. संमतीच्या अटी लिहिताना मात्र घाई नको. गृहकर्ज दोघांच्या नावावर असेल, तर घटस्फोटानंतरही बँक दोघांच्या मागे लागते. विमा आणि भविष्य निर्वाह निधीवरचं वारसाचं नाव आपोआप बदलत नाही. आणि गोव्याच्या नातेवाइकांकडून ऐकलेलं इथे लावू नका. तिथे वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. आपल्याकडे तसा कायदा नाही.

पोटगीचा अर्ज आजही सगळे ‘एकशेपंचवीस’च म्हणतात. १ जुलै २०२४ पासून ते कलम नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झालं आहे, हक्क तोच. २०२० पासून दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. म्हणून ‘बघू, दिवाळी होऊ दे’ म्हणत अर्ज लांबवणं पैशाच्या दृष्टीनंही महागात पडतं.

वकिलाची फी हा पहिला धसका असतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ सालचा आहे. त्यानुसार कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो. पुरुषांना उत्पन्नाची मर्यादा आहे, मात्र अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्तींना ती नाही. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात या प्राधिकरणाचं कार्यालय असतं आणि १५१०० हा त्यांचा फोन. मारहाण होत असेल, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जायचं. घरात राहण्याचा हक्क, खर्च, मुलांचा तात्पुरता ताबा हे सारं त्या एकाच अर्जात मागता येतं. १८१ ही महिलांची हेल्पलाइन, ११२ वर पोलीस. अशा घरात ‘दोघांना समोरासमोर बसवू या’ म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी कृपा करून गप्प बसावं. समेट मलाही आवडतो. आमच्या समुपदेशकांनी जुळवून दिलेले संसार मी पाहिले आहेत. पण मार खाणारी बाई नवऱ्यासमोर बसून काय बोलणार?

आपल्या समाजाला सोबत करता येत नाही, असं मला वाटत नाही. मुंबईच्या रखमाबाईंवर नवऱ्यानं नांदायला येण्याचा दावा लावला. लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. १८८७ साली न्यायालयानं नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने कैदेत जा असं सांगितलं, तेव्हा त्यांनी कैद पत्करायची तयारी दाखवली. ‘केसरी’ त्यांच्या विरोधात होता. पण त्यांच्यासाठी समिती उभी राहिली, पैसे जमले, पुढे दोन हजार रुपये देऊन नवऱ्याशी तडजोड झाली आणि त्या विलायतेला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. त्या वारल्या १९५५ साली. हिंदू विवाह कायदा आला त्याच वर्षी. रखमाबाईंच्या खटल्यानंतर शंभर वर्षांनी, १९८८ मध्ये, संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली. टाकलेल्या बायकांनी तिथे स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड मागितलं. माहेरच्या कार्डावरून नाव कमी झालेलं, सासरच्या कार्डावर असून उपयोग नाही. धान्य कुठून आणायचं? आज संजय गांधी निराधार योजनेत घटस्फोटित स्त्रिया येतात, घटस्फोटाची प्रक्रिया चालू असलेल्याही येतात. अर्ज तहसील कार्यालयात करायचा. तो फॉर्म भरून द्यायला मंडळातला एक पोरगा पुरे.

बाकावर पुरुषही असतात, त्यांच्याविषयी सहसा कुणी बोलत नाही. मुलांना भेटायच्या खोलीत एका बापानं वाढदिवसाचा शर्ट आणला होता. मुलाच्या अंगात घातला तर बाह्या दोन बोटं आखूड. सहा महिन्यांत पोर किती वाढलं, हे त्याला कळायला मार्गच नव्हता. तो हसला, शर्ट घडी करून पिशवीत ठेवला आणि नंतर बराच वेळ जिन्यावर बसून राहिला. अशा माणसाला ‘सुटलास लेका’ म्हणून पार्टी मागू नका. जेवायला बोलवा. रात्री फोन करा. झोप उडाली असेल, जिवाचं बरंवाईट करायचे विचार बोलून दाखवत असेल, तर १४४१६ वर टेलि-मानसला फोन लावून द्या. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. बायकांनाही हाच नंबर.

घरमालकांनो, ‘फॅमिली’ नाही म्हणून एकट्या बाईला खोली नाकारू नका. साहेबांनो, तारखेच्या रजेचं कारण चारचौघांत विचारू नका. शेजाऱ्यांनो, मुलाला जिन्यात गाठून ‘बाबा कुठे असतात रे हल्ली?’ असं विचारू नका. त्याला उत्तर ठाऊक असतं आणि ते द्यायचं नसतं.

आणि आमच्या ज्ञातीसंस्थेच्या पदाधिकाऱ्यांनो, मेळाव्याच्या हॉलमध्ये एक टेबल द्या. परिचय पुस्तिका विकता त्याच्या शेजारी नको, तिथे कुणी येणार नाही. आतल्या खोलीत, दार लोटून घेता येईल असं. कायदेविषयक शिबिरासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला लेखी विनंती करता येते, वकिलाला मानधन द्यावं लागत नाही. तारखेला सोबत जायला तयार असलेल्यांची एक वही त्या टेबलावर ठेवू. तिच्यात पहिलं नाव माझं. आठवड्यातले दोन दिवस मी मोकळा असतो. प्राधिकरणाला द्यायच्या पत्राचा मसुदा मी टाइप करून ठेवला आहे, अध्यक्षांची सही तेवढी हवी.