लक्ष्याचं नेमकं काय वाया गेलं?

लक्ष्मीकांत बेर्डे ऊर्फ लक्ष्या यांचा विषय निघाला की एक हळहळ ठरलेली असते. नट गुणी, पण माकडचेष्टांत अडकला. खरा अभिनय केला तो ‘एक होता विदूषक’मध्ये, आणि १९९२ साली नेमका तोच पडला. ऐकायला हे कौतुक वाटतं. पण रडवणारा तो मोठा नट आणि हसवणारा तो टाइमपास, हा हिशेब त्यात आधीच मांडून ठेवलेला आहे.

‘झपाटलेला’ (१९९३) पुन्हा पाहावा. त्यातल्या खुनी तात्या विंचूचा बाहुला शब्दभ्रमकार रामदास पाध्यांचा. समोर नजरेला नजर देणारा जिता नट नाही. तरी थिएटरातली पोरं त्या बाहुल्याला टरकली, कारण लक्ष्या मनापासून टरकला होता. आणि त्याच दमात ती हसतही होती. हे ज्यांना सोपं वाटतं त्यांनी एकदा रिकाम्या खुर्चीला घाबरून दाखवावं. ‘अशी ही बनवाबनवी’तली (१९८८) पार्वती घ्या. लुगडं नेसलेला पुरुष म्हणजे आपल्याकडे हमखास हशा, तो उकळायला ठुमके पुरतात. बेर्डे ठुमक्यांवर थांबत नाहीत. पार्वतीच्या डोहाळजेवणात बायका कौतुक करत असताना बाईच्या वेषाआड अवघडलेला परश्या सतत दिसत राहतो.

आता विदूषक. पुलंची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. तमाशातला सोंगाड्या आबुराव सिनेमात मोठा होतो, राजकारणाच्या वळचणीला जातो आणि हसवण्याची कला हरवून बसतो. हसवणं ज्याच्या हाडात मुरलेलं नाही, त्याला ते हरवल्याचं दाखवता कसं येणार? ‘टूरटूर’पासून रंगमंचावर कमावलेलं टायमिंगच इथे कामी आलं. बाहुल्याला घाबरणारा आणि आबुराव होणारा, नट एकच.

वाया काही गेलंच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. ‘मैंने प्यार किया’ आणि ‘हम आपके हैं कौन’ने त्यांचा चेहरा देशभर पोचवला, कामं मात्र नायकाचा दोस्त, घरचा नोकर अशीच. मराठीत नंतरनंतर तर लक्ष्या आहे ना, मग पटकथा कशाला, अशा थाटात सिनेमे निघाले. त्यांतले कित्येक आज दहा मिनिटंही बघवत नाहीत. त्यांनी ते स्वीकारले, हा दोष त्यांचाही. पण तिथे कमी पडलं ते लेखन. गंभीर भूमिकाच हवी होती असं नाही, नीट लिहिलेला फार्सही चालला असता.