उत्प्रेरकांचे परावलंबन

पाण्यापासून मिळणारा हायड्रोजन हे उद्याचे स्वच्छ इंधन असल्याची ग्वाही सरकारपासून उद्योगपतींपर्यंत सगळेच देत असले, तरी तो वेगळा करणारे रसायन कोणाच्या हाती आहे, याची चर्चा क्वचितच होते. विजेच्या साहाय्याने पाण्याचे विघटन करण्यास तत्त्वतः १.२३ व्होल्टचा विद्युतदाब पुरतो. परंतु एवढ्या दाबाला अभिक्रिया रेंगाळते आणि तिला वेग यावा म्हणून जादा वीज खर्चावी लागते. एक किलो हायड्रोजनमध्ये सुमारे ३९ युनिट ऊर्जा असते, तो तयार करण्यास मात्र पन्नासहून अधिक युनिट लागतात. ही तूट कमी करण्याचे काम उत्प्रेरकाचे, म्हणजे स्वतः खर्ची न पडता अभिक्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थाचे असते. प्रोटॉन वाहून नेणारे पटल वापरणाऱ्या आधुनिक इलेक्ट्रोलायझरमध्ये त्यासाठी एका अग्रावर प्लॅटिनम आणि दुसऱ्यावर इरिडियमचे ऑक्साइड लागते. इरिडियमचे जागतिक उत्पादन वर्षाला दहा टनांच्याही आत असून त्यातील बहुतांश दक्षिण आफ्रिकेतून येते.

या कोंडीतून वाट कशी निघू शकते, हे डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातील संशोधनाने दाखवून दिले. मॉलिब्डेनम डायसल्फाइड हा तेलशुद्धीकरण कारखान्यांत इंधनातील गंधक काढण्यासाठी वर्षानुवर्षे वापरला जाणारा स्वस्त पदार्थ हायड्रोजननिर्मितीसाठी मात्र कुचकामी समजला जात होता. येन्स नॉर्स्कोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये संगणकीय गणिताच्या आधारे असे मांडले की, या पदार्थाचे सपाट पृष्ठ निष्क्रिय असले तरी त्याच्या थराच्या काठावरील अणू हायड्रोजनला फार घट्टही नाही आणि फार सैलही नाही असे धरतात, आणि चांगल्या उत्प्रेरकाची हीच खूण असते. २००७ मध्ये त्याच विद्यापीठात सोन्याच्या पृष्ठभागावर या पदार्थाचे नॅनोकण, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागात मोजावे लागणारे कण, वाढवून तपासण्यात आले, तेव्हा अभिक्रियेचा वेग कणांच्या क्षेत्रफळावर नव्हे, तर त्यांच्या काठांच्या एकूण लांबीवर अवलंबून असल्याचे सिद्ध झाले. कण जितका लहान, तितका त्याच्या वाट्याला येणारा काठ अधिक. नॅनोपदार्थांचे महत्त्व आहे ते येथे.

अर्थात, यामुळे प्लॅटिनमची सद्दी संपलेली नाही. आम्लयुक्त माध्यमात इरिडियमइतका तग धरणारा पर्याय सापडणे तर त्याहून अवघड आहे. निकेलवर चालणारी अल्कधर्मी यंत्रे उपलब्ध आहेत हे खरे. तथापि सौर आणि पवन विजेच्या चढउतारांशी जुळवून घेण्यात ती तुलनेने मंद पडतात. शिवाय प्रयोगशाळेत काही तास टिकलेला उत्प्रेरक कारखान्यात हजारो तास टिकावा लागतो आणि बहुतेक चमकदार शोधनिबंधांची परीक्षा तेथेच होते.

या पार्श्वभूमीवर जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनचा ताळेबंद बोलका आहे. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाचे उद्दिष्ट ठेवणाऱ्या या मोहिमेच्या १९,७४४ कोटी रुपयांपैकी १७,४९० कोटी इलेक्ट्रोलायझर आणि हायड्रोजन यांच्या उत्पादनाला प्रोत्साहन देण्यासाठी आहेत, तर संशोधन आणि विकासाच्या वाट्याला ४०० कोटी, म्हणजे जेमतेम दोन टक्के आले आहेत. कारखाने उभारण्यास पैसा हवाच. पण यंत्राचा गाभाच आयात करावा लागणार असेल, तर खनिज तेलाच्या परावलंबनाची जागा दुर्मीळ धातूंचे परावलंबन घेईल. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहभागातून २०२२ मध्ये हायड्रोजनवर चालणारी बस साकारली, तेव्हा देशात गुणवत्तेची वानवा नाही हे दिसले होते. या गुणवत्तेला दहा-दहा वर्षांचे निश्चित अर्थसाहाय्य आणि उत्प्रेरकांची दीर्घकाळ चाचणी घेणारी सामाईक केंद्रे मिळायला हवीत. त्यासाठी संशोधनाचा हा दोन टक्क्यांचा वाटा सरकारने तातडीने वाढवावा.